रंगाला फोड का येतात? आजोबांच्या पद्मिनीची गोष्ट

आजची गोष्ट गाडीची आहे, पण इंजिनाची नाही, रंगाची.

नागपूरला महालातल्या आमच्या घरासमोर आजोबांची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी उभी असायची. मी शाळेत असताना त्यांनी तिला नवा रंग मारून घेतला. पेंटरकाका घरीच यायचे, आठ-दहा दिवस अंगणात काम चाललं. गाडी अशी चमकली की गल्लीतली माणसं बघायला आली! मग पावसाळा लागला आणि बॉनेटवर, छतावर मोहरीएवढे फोड उठले. आजोबा भडकले. "बाकीचे पैसे काहून देऊ? रंगात भेसळ केली त्यानं!" काकांचे पैसे राहिले ते राहिलेच.

आता मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. बग दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडे, हे रोज बघतो. मग या फोडांचा बग कुठे होता? त्यासाठी जरा मागे जाऊ.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखाच तेलाचा रंग आणि व्हार्निश ब्रशनं लावायचे. सगळे थर वाळायला आठवडे लागायचे. 1923 मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्स यांनी 'ड्यूको' नावाचा रंग आणला. तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे बिनधुराच्या बारुदाच्याच कुळातला. फवारला की काही तासांत वाळायचा. आपल्याकडचे सुतार आणि गॅरेजवाले आजही 'डुको मारून देतो' म्हणतात ना, तो शब्द तिथून आलाय.

वाळण्याचा प्रश्न सुटला, पण पाण्याचा नाही. 1960 च्या दशकात फोर्डनं गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून, वीज सोडून, सांदीकोपऱ्यात थर चढवायला सुरुवात केली. कारखान्यात हे जमतं. अंगणात रंगवताना हौद कुठून आणणार? तिथे फक्त माणसाचा हात, वॉटर पेपर आणि बादलीभर पाणी.

आणि आपल्या जुन्या गाड्यांचं अर्धं आयुष्य अशा हातांवरच गेलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली, तीच 1974 पासून पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. वीस वर्षं, तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत!

पण नागपूरला कुठे समुद्र? इथेच खरी गंमत आहे.

रंगाचा थर आपल्याला काचेसारखा बंद वाटतो, पण तो तसा नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जाते. आत क्षाराचा कण अडकलेला असेल तर तो ते पाणी धरून ठेवतो आणि आणखी ओढतो. शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवल्या होत्या, आठवतं? परासरण. तेच इथे. दाब वाढतो, रंग खालच्या थरापासून सुटतो आणि फोड उठतो.

मग क्षार आले कुठून? परवा आईला विचारलं. ती म्हणाली, काकांनी घासायला नळाचं पाणी मागितलं होतं, पण नळ सकाळी तासभरच यायचा, म्हणून आजोबांनी विहिरीकडे बोट दाखवलं. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजत नाही! वॉटर पेपरनं घासलं, पाणी पत्र्यावरच वाळलं, क्षार मागे राहिले आणि वरून रंग बसला. आईला आणखी एक आठवलं. तिनं एका फोडाला टाचणी टोचली होती, तर आतून स्वच्छ पाणी आलं आणि खाली प्रायमर शाबूत. गंज असता तर तांबूस निघालं असतं. त्यात आजोबा पावसात भिजलेल्या गाडीवर लगेच कव्हर घालायचे, म्हणजे ओल दिवसरात्र आतच.

जुनी गाडी घेणार असाल तर दाराची खालची कड आणि चाकावरची कमान बोटानं चाचपून बघा. बारीक फोड लागले तर रंगाच्या चमकेवर जाऊ नका. फोड फुटला की हवा-पाणी पत्र्यापर्यंत पोचतं आणि मग गंज थांबत नाही. रंगवून घेत असाल तर शेवटचं धुणं चांगल्या पाण्यानं करा, पूर्ण कोरडं होऊ द्या आणि उघड्या पत्र्याला घामेजला हात लावू नका. घामातही मीठच असतं.

आजोबा आता नाहीत, गाडीही नाही. पेंटरकाकांनी तेव्हा वाद घातला नव्हता, डबे उचलून निघून गेले होते. भेसळ त्यांच्या रंगात नव्हती, आमच्या बादलीत होती. मी त्यांचा पत्ता शोधतोय. ते पैसे आमच्याकडे अजून बाकी आहेत.

भेटू पुढच्या भागात!