मधली कडी

सिनेमाच्या इतिहासात आपण नटांची, दिग्दर्शकांची आणि फार तर छायालेखकांची नावे घेतो. भिंग आणि फिल्म यांच्यामधल्या रिकाम्या जागेबद्दल कोणी बोलत नाही. खरी गंमत मात्र तिथेच आहे.

मंडळी, आपल्या कोल्हापूरचेच घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेतला. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. असा कॅमेरा घडवायचा तर भिंगाची बैठक आणि फिल्म यांतले अंतर अचूक साधावे लागते. केसभर चुकले की चित्र पुसट!

पुढे हे अंतर ज्याने त्याने आपापले ठरवले. निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटचे ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या १९८७ च्या ईएफचे ४४, सिनेमाच्या पीएल माउंटचे ५२. एकाचे भिंग दुसऱ्याला लागेना. सोयरीक आपल्या जातीतच!

ही कोंडी फुटली ती आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमुळे. २००८ च्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत हे अंतर फक्त १९.२५ मिलिमीटर आहे. २०१३ मध्ये ब्लॅकमॅजिकने हीच बैठक असलेला, हातात मावणारा पॉकेट सिनेमा कॅमेरा जाहीर केला. आता गणित पाहा. ४६.५ वजा १९.२५ म्हणजे २७.२५. तेवढ्या जाडीची धातूची कडी मध्ये बसवली की निकॉनचे भिंग कामाला लागते. तिलाच अॅडॉप्टर म्हणतात. कडी जाड झाली तर लांबचे डोंगर स्पष्ट दिसत नाहीत. उलटा व्यवहार मात्र जमत नाही, कारण जागा वाढवता येते, उणे करता येत नाही.

एक अडचण उरते. या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम साडेबारा मिलिमीटर रुंद, तर फोटोच्या फिल्मची चौकट ३६. त्यामुळे भिंगाने दाखवलेल्या दृश्याचा मधला तुकडाच हाती लागतो. त्यावर २०१३ मध्येच स्पीड बूस्टर नावाचा अॅडॉप्टर आला. त्यात काचाही असतात. त्या प्रतिमा आक्रसून सेन्सरवर आणतात, त्यामुळे दृश्य रुंदावते आणि उजेडही वाढतो.

आमच्या दादांचे ५० मिलिमीटरचे निकॉन भिंग अनेक वर्षे कपाटात पडून होते. कॅमेरा केव्हाच बिघडला होता. माझ्या नातवाने ते अशाच कडीने जोडले आणि इथे खराडीत, आमच्या गॅलरीत, वहिनींना जुन्या आठवणी सांगताना टिपले. भिंगावरच छिद्र लहानमोठे करायची कडी असल्याने त्याला विजेची गरज पडली नाही. दादा ज्या काचेतून वहिनींना पाहत, त्याच काचेतून आता नातू पाहतो आहे. मला यापेक्षा अधिक काय हवे?

म्हणून नातेवाईकांना एक विनंती. घरातली जुनी भिंगे भंगारात घालू नका. पुण्याच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. कोरड्या डब्यात ठेवा. आणि डब्यावर माउंटचे नाव लिहून ठेवा. कडी शोधणाऱ्याला तेवढे पुरते.