घाणेरी आणि कालनिर्णय

गुरांच्या औषधांचीं व चराईच्या रीतींचीं बाडें आपल्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहीं असतील. त्यांतील विषारी झाडांच्या नांवांकडे सहसा लक्ष जात नाहीं. परंतु अशा एखाद्या नांवावरून मजकुराचा काळ ठरविण्यास साहाय्य होतें. घाणेरी अथवा टणटणी हें त्याचें उदाहरण होय.

कुरणाची राखण हें राज्याचें काम, ही कल्पना आपणांकडे प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत गोऽध्यक्ष व विवीताध्यक्ष असे दोन अधिकारी सांगितले आहेत. विवीत म्हणजे गायरान. चोर व श्वापदें यांचें भय नाहींसें केलेल्या, ऋतुमानाप्रमाणें वांटलेल्या रानांत गुरें चारावीं, असा तेथील आशय आहे. घाणेरीचें भय मात्र त्या काळीं संभवतच नव्हतें. ही वनस्पति मूळची अमेरिकाखंडाच्या उष्ण प्रदेशांतील. शोभेचें झुडूप म्हणून ती इ. स. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आली. पुढें पक्ष्यांनीं तिचें बीं रानोमाळ नेलें.

तेव्हां ज्या बाडांत ही घाणेरी आली असेल, तो मजकूर एकोणिसाव्या शतकापूर्वींचा नव्हे. तथापि नुसत्या नांवावर भिस्त ठेवूं नये. तें वासावरून पडलेलें आहे. दुसऱ्या दुर्गंधी झाडासही तें लागूं शकेल. चौकोनी खरखरीत दांडा, रंग बदलणारे फुलांचे गुच्छ व पिकल्यावर काळीं होणारीं फळें, हें वर्णन जुळलें पाहिजे. रोगलक्षणेंही पडताळावीं: जनावर चारा सोडतें, शेण घट्ट होतें, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, आणि उन्हांत नाकपुडीची व पांढऱ्या केसांखालची कातडी सोलते. पाल्यांतील विषानें यकृत बिघडतें, त्याचा हा परिणाम. उलट, घाणेरीचा उल्लेख नाहीं एवढ्यावरून बाड जुनें ठरत नाहीं. आणि अलीकडच्या एखाद्या सूचींत तिला संस्कृत नांव दिलेलें आढळलें, तरी तो प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे.

उपायांचा इतिहासही बोधप्रद आहे. तोडली किंवा जाळली तरी घाणेरी बुंध्यापासून पुन्हां फुटते. इ. स. १९२१ मध्यें तिच्या फळांत वाढणारी एक माशी हवाई बेटांतून हिंदुस्थानांत आणली गेली; तरीही घाणेरी हटली नाहीं. फळ धरण्यापूर्वीं बुंधा जमिनीखालीं मुळाशीं छाटावा, झुडूप उलटें ठेवून वाळवावें, मोकळ्या जागीं गवत लावावें व नवीं रोपें उपटीत राहावें, हाच मार्ग उपयोगी पडतो. गवत असतां गुरें बहुधा घाणेरीस तोंड लावीत नाहींत. चाराटंचाईंत, किंवा परमुलखांतून नवीं आणलेलीं असतां, तीं फसतात. म्हणजे गवत राखणें हाच विषावरील पहिला उतारा.

दोन शतकांत गुराख्यांनीं या परक्या झुडपाची ओळख करून घेतली, ती गुरें गमावून. ती ओळख कोणा गांवीं केव्हां झाली, हें अशा बाडांतूनच कळण्याचा संभव आहे. म्हणून संग्राहकांनीं पाल्याच्या व औषधांच्या याद्या क्षुल्लक समजून टाकूं नयेत. प्रत्येकीवर गांव, लेखक व मिती यांची नोंद करून ठेवावी, ही विनंती.