क्रूझच्या तिकिटात जेवण असतं, मग शेवटी बिल कसलं येतं?

सात रात्रींच्या क्रूझचं तिकीट काढताना 'जेवण समाविष्ट' हे दोन शब्द वाचून अनेक जण निश्चिंत होतात. राहणं झालं, खाणं झालं, आता खर्च कसला? मग शेवटच्या सकाळी मोबाइलमधल्या अ‍ॅपवर हिशेब उघडला जातो आणि त्यात काहीशे डॉलर दिसतात. त्यात कॉफी असते, कोल्ड्रिंक असतं, एका रात्रीचं खास जेवण असतं, रोजची टिप असते.

यात फसवणूक नसते. सगळं आधीच नियमांत लिहिलेलं असतं. पण तिकिटातलं जेवण कुठे संपतं आणि पैशांचं कुठे सुरू होतं, ही रेषा जहाजावर पाऊल ठेवण्याआधी माहीत असायला हवी. ती नेमकी कुठे असते, हे जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक असलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'च्या उदाहरणावरून समजून घेऊ.

हे जहाज आहे तरी केवढं?

रॉयल कॅरिबियन कंपनीचं हे जहाज फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या गोदीत बांधलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बंदरातून ते पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघालं. लांबी सुमारे ३६५ मीटर, २० डेक, साधारण २,३५० कर्मचारी. एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी आणि सगळ्या खाटा भरल्या तर सुमारे ७,६०० प्रवासी. म्हणजे एखाद्या मोठ्या गावाची लोकसंख्या रोज तीन वेळा जेवते, तेही समुद्रात.

या सगळ्यांसाठी जहाजावर खाण्यापिण्याची ४० हून अधिक ठिकाणं आहेत. बहुतेक फेऱ्या सात रात्रींच्या असतात. एक फेरी संपवून जहाज सकाळी मायामीत येतं आणि त्याच दिवशी पुढची फेरी सुरू होते. जुने प्रवासी उतरवणं, आठवड्याचा शिधा भरणं आणि नवे प्रवासी घेणं हे सगळं त्या काही तासांत उरकावं लागतं.

तिकिटात नेमकं काय काय येतं?

सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे मुख्य डायनिंग रूम. ती तीन मजल्यांवर पसरलेली आहे. इथे वेटर ऑर्डर घेतात आणि स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड अशा क्रमाने टेबलावर आणून वाढतात. रात्रीच्या जेवणासाठी दोन पर्याय असतात. एकात रोज ठरावीक वेळ, तेच टेबल आणि तेच वेटर. दुसऱ्यात आपल्या सोयीने वेळ निवडता येते. पहिल्या पर्यायाचा फायदा असा की, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वेटरला तुमची आवडनिवड पाठ झालेली असते.

दुसरं ठिकाण 'विंडजॅमर' हा बुफे. नाश्त्याला आणि दुपारी सर्वाधिक गर्दी इथेच होते. याशिवाय 'अ‍ॅक्वाडोम मार्केट'मध्ये वेगवेगळ्या देशांच्या पदार्थांचे स्टॉल आहेत, 'सोरेंटोज'मध्ये पिझ्झा, 'एल लोको फ्रेश'मध्ये मेक्सिकन खाणं, 'पार्क कॅफे'मध्ये सँडविच आणि सॅलड, 'पर्ल कॅफे'मध्ये दिवसभर हलकंफुलकं खाणं मिळतं. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी असलेल्या 'सर्फसाइड' भागात वेगळा बुफे आहे, म्हणजे ओल्या कपड्यातल्या पोरांना घेऊन आठ मजले चढायला नको. यांपैकी कुठेही खाण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

पेयांमध्ये पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबत, आइस्ड टी आणि दूध तिकिटातच येतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नसते. समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून जहाज आपलं बहुतांश गोडं पाणी तयार करतं आणि नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं.

थोडक्यात, ज्याला आठवडाभर एकही डॉलर जास्त न देता जेवायचं आहे, तो उपाशी राहत नाही. उलट त्याच्यापुढे निवड करायलाच भरपूर असतं.

मग पैसे कुठे लागतात?

पहिला गट 'स्पेशालिटी' रेस्टॉरंट्सचा. स्टेकसाठी 'चॉप्स ग्रिल', इटालियन जेवणासाठी 'जोव्हानीज', सुशी आणि समोरच्या तव्यावर बनवून दिल्या जाणाऱ्या जपानी पदार्थांसाठी 'इझुमी', मासळीसाठी 'हूक्ड'. इथे बहुतेक वेळा माणशी एक ठरावीक रक्कम असते आणि ती प्रत्येक फेरीला बदलते. सर्वांत महागडं 'एम्पायर सपर क्लब'. आठ पदार्थांचं जेवण, प्रत्येकाबरोबर साजेसं कॉकटेल आणि जॅझ संगीत. त्याची किंमत माणशी सुमारे २०० डॉलरच्या घरात जाते.

दुसरा गट पदार्थागणिक पैसे घेणाऱ्यांचा. स्पोर्ट्स बार 'प्लेमेकर्स', 'बेसकॅम्प', सर्फसाइडमधलं 'पिअर ७' आणि जहाजावरचं स्टारबक्स यात येतात. गोंधळ इथेच होतो. एकाच डेकवर एक काउंटर फुकट असतो आणि पुढचा नाही. रोख पैसे कुठेच चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवलं की रक्कम खात्यावर चढते आणि खिशातून नोट बाहेर पडत नसल्यामुळे खर्च जाणवत नाही.

तिसरी गोष्ट रूम सर्व्हिस. सकाळचा साधा कॉन्टिनेंटल नाश्ता खोलीत मोफत येतो. बाकी ऑर्डरवर दर वेळी सुमारे ८ डॉलर आणि वर १८ टक्के सेवाशुल्क लागतं. पेयं, पॅकेज आणि स्पेशालिटी जेवण यांवरही हेच १८ टक्के वेगळे असतात, त्यामुळे मेन्यूवरची किंमत ही शेवटची किंमत नसते.

दारूचं पॅकेज घ्यावं का?

हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम बहुधा इथेच असते. बिअर, वाइन, कॉकटेल आणि कोल्ड्रिंकसुद्धा तिकिटात नसतं. त्यासाठी कंपनी रोजच्या दराचं पॅकेज विकते. दर फेरीनुसार बदलतो आणि साधारणपणे जहाजावर घेण्यापेक्षा आधी ऑनलाइन घेतलेलं स्वस्त पडतं.

गणित करून पाहू. समजा, पॅकेज दिवसाला ८० डॉलर आहे. १८ टक्के धरून ते ९४ डॉलर ४० सेंट होतं. एक कॉकटेल १४ डॉलरचं धरलं तर सेवाशुल्कासह १६ डॉलर ५२ सेंट. म्हणजे पैसे वसूल व्हायला दिवसाला सहा कॉकटेल प्यावी लागतील, तेही सातही दिवस. त्यातले काही दिवस तुम्ही बंदरावर उतरून फिरत असाल आणि तिथल्या गावातल्या हॉटेलात पॅकेज चालत नाही. कंपनीच्या स्वतःच्या 'कोकोके' बेटावर मात्र ते चालतं.

त्यात दोन अटी महत्त्वाच्या. पॅकेज फेरीच्या सगळ्या दिवसांसाठी घ्यावं लागतं. आणि खोलीतल्या एका प्रौढाने ते घेतलं तर त्याच खोलीतल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. नवरा पितो, बायको पीत नाही, अशा जोडप्याला वरच्या दराने आठवड्याचे १,३२१ डॉलर मोजावे लागतील. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून कंपनीने हा नियम केला आहे, पण त्याचा भुर्दंड न पिणाऱ्याला बसतो. अशा वेळी लागेल तसं एकेक पेय विकत घेणंच परवडतं.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतून निघणाऱ्या फेऱ्यांवर दारूसाठी किमान वय २१ आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला सोबत नेणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं. चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीलिटर वाइनची एक बाटली सोबत नेता येते. बाहेरची इतर दारू मात्र नेता येत नाही.

न पिणाऱ्यांसाठी कोल्ड्रिंकचं आणि मॉकटेल, ज्यूस, कॉफी यांचं स्वस्त पॅकेज वेगळं मिळतं.

कंपनी सगळंच तिकिटात का घालत नाही?

कारण तिकीट स्वस्त दिसलं की जहाज भरतं आणि जहाज भरलं की वरची विक्री होते. रॉयल कॅरिबियन समूहाच्या २०२३ च्या सुमारे १३.९ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी साधारण ४.३ अब्ज डॉलर तिकिटाव्यतिरिक्तचे होते. यात दारू आणि खास जेवणाबरोबर कॅसिनो, इंटरनेट, बंदरावरच्या सहली हेही येतं. म्हणजे दर दहा डॉलरपैकी तीन डॉलर तिकिटाबाहेरून येतात. साहजिकच चढल्या दिवसापासून तुम्हाला पॅकेजविषयी विचारलं जातं.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांचं काय?

मुख्य डायनिंग रूमच्या मेन्यूवर शाकाहारी पदार्थ असतात आणि भारतीय पद्धतीचं काही ना काही सहसा मिळतं. कांदा-लसूण चालत नसेल, अंडं नको असेल किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंग करतानाच कळवावं आणि पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटून पुन्हा सांगावं. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवसासाठी वेगळं बनवणं स्वयंपाकघराला सोपं जातं. ऐन टेबलावर बसल्यावर सांगितलं तर पर्याय कमी होतात. बुफेमध्ये एकाच चमच्याने दोन पदार्थ वाढून घेतले जाण्याची शक्यता असते, त्यामुळे काटेकोरपणे पाळणाऱ्यांसाठी डायनिंग रूम जास्त खात्रीची.

बुफेच्या दारात हात धुवायला का लावतात?

हजारो माणसं एकाच ठिकाणी खात असली की नोरोव्हायरस वेगाने पसरतो. उलट्या आणि जुलाब यांनी अख्खी सहल खोलीत काढावी लागू शकते. या विषाणूवर सॅनिटायझरपेक्षा साबण आणि पाणी जास्त परिणामकारक ठरतं. म्हणून बुफेच्या प्रवेशालाच बेसिन आहेत.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा जहाजांच्या स्वच्छता तपासणीचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून सुरू आहे. तपासणी न सांगता होते आणि १०० पैकी गुण दिले जातात. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. हे गुण सीडीसीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. तिकीट काढण्याआधी ते नक्की पाहावेत.

टिप कुणाला जाते?

खात्यावर प्रत्येक प्रवाशामागे रोज साधारण १८ ते २१ डॉलर टिप आपोआप लागते. मुलांचीही लागते. १८ डॉलर धरले तरी चौघांच्या कुटुंबाचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. तिकिटाची तुलना करताना ही रक्कम आधीच त्यात मिळवलेली बरी.

ती वेटर, खोली आवरणारे आणि पडद्यामागे काम करणारे यांच्यासाठी असते. या कर्मचाऱ्यांत अनेक देशांचे लोक असतात. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात आणि गोवा-मुंबईतल्या कितीतरी घरांचा संसार जगभरातल्या क्रूझवरच्या अशा नोकऱ्यांवर चालतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार त्यांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे १४ तासांचा कामाचा दिवस नियमात बसतो. मध्यरात्री पिझ्झाची स्लाइस हातात देणारा माणूस असाच दिवस संपवत आलेला असू शकतो.

आपल्याकडच्या क्रूझवरही असंच असतं का?

रेषा तीच, आकार लहान. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज एकेकाळी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होतं. ते १९९० चं आहे आणि आयकॉनच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. तिथे मुख्य रेस्टॉरंट आणि बुफेचं जेवण तिकिटात येतं, जैन जेवण मिळतं, पण दारू आणि खास रेस्टॉरंटचे पैसे वेगळे.

म्हणून जहाज कोणतंही असो, बुकिंगच्या आधी एका कागदावर चार आकडे मांडा: तिकीट, रोजची टिप, आपण खरोखर पिऊ तेवढी पेयं आणि एखादं खास जेवण. या चौघांची बेरीज म्हणजे सहलीतल्या खाण्यापिण्याची खरी किंमत. ती परवडत असेल तर जरूर निघा. म्हणजे शेवटच्या सकाळी अ‍ॅपवरचा हिशेब उघडताना पोटात गोळा येणार नाही.