पासिंगआधीचे दिवे

पासिंगची तारीख जवळ आली की मालकाला डॅशबोर्ड आठवतो. वर्षभर गाडी भाजी ओढते, वऱ्हाड नेते, गणपतीत ढोल-ताशे घेऊन फिरते. तेवढ्या काळात ऑइलचा दिवा लागला नाही, हीटचा काटा पडूनच राहिला, तरी कुणाचं काही अडत नाही. जुना ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावरून ऑइल ओळखतो आणि वासावरून हीट. मग एका सकाळी तीच मॅटाडोर नाना पेठेत माझ्या दारात उभी. “मामा, उद्या पासिंग आहे. आतले दिवे करून द्या, बाकी गाडी एकदम ओके.” बाकी गाडी ओके असलेली मी फारशी पाहिलेली नाही. पण गाडीच्या वायरमनचा धंदा या घाईवरच वाढला, आणि तो कसा वाढला हे सांगणारी माणसं आता पेठेत थोडी उरली आहेत, म्हणून मी सांगतो.

अगदी सुरुवातीच्या मोटारींना आमची गरजच नव्हती. पुढचे दिवे कार्बाइडचे, मागचा रॉकेलचा, इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देणार आणि चालू करायचं ते हँडल मारून. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅकने बटणावर चालू होणारी गाडी काढली. सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी आली, बॅटरी आली म्हणजे ती भरायला डायनामो आला, आणि तो भरतोय की नाही हे सांगायला ड्रायव्हरसमोर आधी अँपिअरचा काटा आणि नंतर लाल दिवा आला. डॅशबोर्डवरचे दिवे शोभेसाठी नाहीत, हे मी नव्या पोरांना इथूनच सांगायला सुरुवात करतो. पोरं ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

पुण्यात हे काम हाताला लागलं ते लष्करामुळे. खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकलेली माणसं पुढे बाहेर पडली, आणि युद्ध संपल्यावर जीपा आणि ट्रक डिस्पोजलमध्ये निघाले. माझे वस्ताद खडकीत शिकलेल्या त्या माणसांतलेच. त्या जीपा 6 व्होल्टच्या, इंग्रजी गाड्या बहुतेक 12 व्होल्टच्या. वर इंग्रजी गाड्यांत तेव्हा पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला, असायचा आणि अमेरिकन जीपेत निगेटिव्ह. बॅटरी उलटी जोडली की डायनामोची ध्रुवता बिघडायची, कटआउटचे पॉइंट चिकटायचे. तेव्हा गिऱ्हाईक आलं की वस्ताद आधी बॅटरीची जाड वायर कुठे जाते ते बोटाने माग काढत बघायचे आणि मगच बोलायचे. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, पुढे दापोडीला मध्यवर्ती कार्यशाळा झाली, आणि तिथले शिकाऊ आणि निवृत्त असे दोन्ही बाजूंनी कारागीर पेठेत येत राहिले. खडकीवाले आणि दापोडीवाले यांच्यातला वाद मी पोरवयात रोज ऐकला आहे. वायर कापून जोडायची की पूर्ण नवीन ओढायची, हाच तो वाद. खडकीवाले नवीन ओढणारे. खर्च सरकारचा होता ना!

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात धंद्याच्या गाड्यांना फिटनेस सर्टिफिकेट आलं, त्यासाठीची तपासणी म्हणजेच पासिंग. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि त्याबरोबर केंद्राचे नियम आले. त्यातल्या 62 व्या नियमात तपासणीत काय काय बघायचं याचा तक्ता आहे. हेडलाइट, रिफ्लेक्टर, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, ब्रेक, स्पीडोमीटर, आणि याच रांगेत डॅशबोर्डची उपकरणं. एवढीशी ओळ, पण तिने किती वायरमनांच्या घरी दिवाळी झाली! नव्या गाडीला पहिली दोन वर्षं सूट, नंतर दरवर्षी पासिंग, असा नियम कितीतरी वर्षं होता. 2018 पासून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचं सर्टिफिकेट मिळू लागलं आणि त्यापुढच्या गाडीला एकाच वर्षाचं. म्हणजे जुनी गाडी आमच्याकडे वर्षाला एकदा येणारच.

आणि जुनी गाडी म्हणजे माझ्या काळात मॅटाडोर. फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी 1958 ची, जर्मन टेम्पोच्या सहकार्याने उभी राहिलेली. आधी तीनचाकी, मग आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर. 2005 साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी गावाकडे कुठल्याही चौकोनी गाडीला लोक मॅटाडोरच म्हणत राहिले. इंजिन केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या बाजूलाच. उन्हाळ्यात त्या उष्णतेने डॅशबोर्डमागच्या वायरींचं प्लॅस्टिक कडक होतं आणि हात लावला की पापडासारखं मोडतं. वर दर मालकाने आपापला टेप, पंखा, आरशाभोवतीची रंगीत माळ आणि देवाच्या फोटोपुढचा लाल बल्ब जोडलेला. सगळ्यांचं कनेक्शन एकाच फ्यूजवरून, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

दिवे लागत नाहीत म्हटल्यावर लोक बल्ब बदलतात. मी आधी अर्थ बघतो. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावायची आणि टोक मीटरच्या पत्र्याला. लॅम्प मंद लागला की समजायचं, मीटर आणि बॉडी यांच्यामध्ये गंज आहे. सगळे दिवे एकदम मंद, इंडिकेटर दिला की हेडलाइटचा निळा दिवा पण लुकलुकतो, ही गंजाचीच लक्षणं. करंटला घरी जायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो. कोकणातून आलेल्या गाडीला पॉलिश पेपरने एक स्क्रू घासला की अर्धं काम होतं. मालकाला मात्र ते पटत नाही. एवढ्याशा कामाचे एवढे पैसे कसले, असं त्याचं म्हणणं.

ऑइलचा दिवा सगळ्यात सोपा. इंजिनावरच्या स्विचची वायर काढून इंजिनाला टेकवायची. दिवा लागला तर बल्ब आणि वायर चांगली, स्विच मेला. हीटचा आणि डिझेलचा काटा दोन्ही एकदम चुकत असले, तर इंग्रजी पद्धतीच्या मीटरात मागची छोटी डबी बघायची. ती 12 व्होल्टचे सरासरी 10 करून काट्यांना देते. डबीची अर्थ गेली की काटे वर चढतात आणि मालक रेडिएटर बदलून येतो.

चार्जिंगचा लाल दिवा मात्र वेगळ्या जातीचा. डायनामोच्या काळात तो फक्त निरोप्या होता, जळाला तरी बॅटरी भरायची. अल्टरनेटर आला आणि दिव्याला काम लागलं. चावी फिरवली की या दिव्यातूनच थोडा करंट अल्टरनेटरच्या फील्डला जातो आणि तेव्हाच तो जागा होतो. बऱ्याच गाड्यांत दुसरी वाटच नसते. बल्ब जळला तर इंजिन चालू असूनही बॅटरी भरायला लागत नाही, किंवा मोठी रेस दिल्यावरच लागते. याच्यापायी लोकांनी नव्या बॅटऱ्या घेतल्या आहेत, अल्टरनेटर उघडून गुंडाळून घेतले आहेत.

सुटे भाग मिळवणं हा स्वतंत्र उद्योग होता. लुकास-टीव्हीएसचा माल मद्रासचा, मायकोचा बंगलोरचा, मीटर पुढे कोइमतूरच्या प्रिकॉलचे. दुकानात मिळाला नाही तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे अख्खे मीटर चादरीवर मांडलेले असत. मी खिशात लहान बॅटरी ठेवून जायचो आणि चादरीपाशी बसूनच काटा हलतो का बघून घ्यायचो.

आणि पासिंगपुरते दिवे. ऑइलचा स्विच मिळत नाही, वेळ नाही, मग ऑइलच्या दिव्याची वायर अल्टरनेटरच्या चार्जिंगच्या टोकाला जोडायची. चावी फिरवली की दोन्ही दिवे लागतात, इंजिन चालू झालं की दोन्ही विझतात. बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित. पुढे घाटात ऑइल संपलं तरी दिवा गप्पच बसणार आणि इंजिन जाम होणार. माझ्या दुकानात हे काम होत नाही, हे पासिंग करून देणाऱ्या एजंटांना माहीत आहे. त्यामुळे काही गाड्या माझ्या दारावरून पुढे जातात. जाऊ देत.

उच्च न्यायालयाने 250 मीटरच्या ब्रेक चाचणीच्या ट्रॅकचा आग्रह धरला, तेव्हा पुण्याच्या गाड्या पासिंगला दिवे घाट चढून दिवे गावाला जाऊ लागल्या. घाटच चढायचा म्हटल्यावर मालक ब्रेकबरोबर हीटचा काटाही नीट करून मागू लागले. त्या वर्षी मला काम भरपूर. 2021 मध्ये यंत्राने तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम आले. नव्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटर लावतो, चावी फिरवली की सगळे एकदा पेटवून दाखवतो, आणि वायर जोडून त्याला फसवणं सोपं नाही.

हल्ली पोरं ऑनलाइन मागवलेले एलईडी बल्ब घेऊन येतात. प्रकाश छान पडतो. तेच चार्जिंगच्या होल्डरमध्ये बसवले की एलईडीतून करंट इतका कमी जातो की अल्टरनेटर जागाच होत नाही. परवा एक शाळेची व्हॅन अशीच आली, बॅटरी सकाळी उतरलेली आणि पासिंग दुसऱ्या दिवशी. बाकीचे एलईडी राहू दिले आणि तेवढ्या एका होल्डरमध्ये जुना तारेचा बल्ब घातला. ड्रायव्हर म्हणाला, “मामा, एकच दिवा पिवळट दिसतोय.” म्हटलं, दिसू दे, काढू नकोस.