हार्ड डिस्क खटखट करू लागली तर: आधी कॉपी, मग दुरुस्ती

कटंगी (जि. बालाघाट) : लग्नसराई आटोपली की फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर दोन-चार महिन्यांचं काम एकाच हार्ड डिस्कमध्ये पडून असतं. ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म, घरी पोरांचे फोटो आणि शेतीचे स्कॅन केलेले कागद. एक दिवस कॉम्प्युटर अडखळतो, फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात, आतून टक-टक आवाज येतो. मग घाबरून जो-तो काहीतरी करून पाहतो आणि बहुतेक नुकसान इथेच होतं. बिघडत चाललेली डिस्क जितका वेळ चालू राहील, तितका आतला डेटा कमी होत जातो.

आत नेमकं काय होतं?

हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या चकत्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. ७,२०० च्या मोठ्या डिस्कमध्ये चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावते. माहिती वाचणारं हेड चकतीला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. धक्का बसला, लाईट एकदम गेली किंवा हेड झिजलं, तर ते चकतीला घासू शकतं. घासलेल्या जागेवरची माहिती मग कोणतंच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

आधी लक्षणं ओळखा

डिस्क ओळखली जाते पण फार हळू चालते, फाईल कॉपी करताना अडकते, आवाज मात्र नेहमीचाच आहे : बहुधा काही सेक्टर खराब झालेत. यात घरच्या घरी प्रयत्न करता येतो.

टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतो, किंवा डिस्क फिरतच नाही : हेड किंवा मोटरचा दोष असू शकतो. लगेच बंद करा, 'एकदा पाहू' म्हणून परत चालू करू नका.

डिस्क ठणठणीत आहे, फक्त फाईल चुकून डिलीट झाली : ही वेगळी गोष्ट. त्या डिस्कवर नवीन काहीच लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही दुसऱ्या डिस्कवर टाका.

डिस्कची तब्येत 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या मोफत प्रोग्राममध्ये दिसते. त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' यांचा आकडा वाढत असेल तर डिस्क उताराला लागली समजा.

हे करू नका

विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारेल. नाही म्हणा. खराब डिस्कवर 'चेक डिस्क' चालवू नका. ते फाईल वाचवायला नाही, डिस्कची मांडणी सुधारायला बनलंय आणि त्या नादात फाईलींचे तुकडे करू शकतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय सोडून द्या, आत दव साचतं. झाकण उघडू नका, धुळीचा एक कणही हेड आणि चकतीमधल्या अंतरापेक्षा मोठा ठरतो. खालची हिरवी पाटी दुसऱ्या डिस्कची लावून भागेल असंही नाही; नव्या डिस्कमध्ये त्या पाटीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते.

घरी करायची पद्धत

पहिलं काम पूर्ण डिस्कची हुबेहूब कॉपी काढणं. फाईली शोधायच्या त्या कॉपीवर, मूळ डिस्कवर नाही.

१. तेवढीच किंवा त्याहून मोठी चांगली डिस्क घ्या.

२. पेनड्राईव्हवरून लिनक्स चालू करा आणि 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम वापरा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब जागा टाळून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. त्याची नोंदफाईल ठेवली तर मध्येच लाईट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

३. कुठून कुठे कॉपी करायची हे दोनदा तपासा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल.

४. कॉपी झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवा. आता कॉपीवर 'टेस्ट डिस्क' किंवा 'फोटोरेक' चालवा. फोटोरेक फोटो चांगले शोधतं, पण फाईलींची जुनी नावं बहुधा परत मिळत नाहीत.

१ टीबीची चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तर साधारण तीन तास लागतात. खराब डिस्कला दिवस लागू शकतात. म्हणून यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉपवर करा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

कटंगीहून बालाघाट, गोंदिया किंवा नागपूर गाठण्याआधी फोनवर विचारा : डिस्क उघडायची असेल तर क्लीन रूम आहे का? तपासणीचे पैसे किती? डेटा नाही निघाला तर किती द्यायचे? डिस्क फोममध्ये गुंडाळून हातात न्या, गाडीच्या डिकीत आदळत नेऊ नका. ग्राहकांच्या आधारच्या प्रती असतील तर ते आधी सांगा आणि पावती घ्या.

लवकर आशा सोडू नका. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, त्यातली जळून विद्रूप झालेली ३४० एमबीची डिस्क महिन्यांनी सापडली. तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा निघाला, कारण चकतीवर जिथे खड्डे पडले तिथे माहिती लिहिलेलीच नव्हती.

पुढच्या वेळेसाठी

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्या भागाला हे जास्तच लागू आहे. १९५६ च्या फेररचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि भंडारा मुंबई राज्यात गेलं. ज्यांचे कागद दोन्हीकडच्या कचेऱ्यांतून जमवलेले आहेत, त्यांना ते स्कॅन गेले तर परत दोन राज्यांच्या फेऱ्या घालाव्या लागतील. एक प्रत सीमेपलीकडच्या नातेवाइकाकडे ठेवा. घराबाहेरची प्रत म्हणजे हीच.