सामायिक गणिताच्या आवृत्त्या आणि सोलापूरचे पंचांग

संगणकातील अनेक प्रोग्राम एकाच सामायिक लायब्ररीवर चालतात. तिची आवृत्ती बदलली की साऱ्यांची उत्तरे बदलू शकतात. मराठी पंचांगांनी असा बदल पूर्वीच अनुभवला. गणेश दैवज्ञांचा 1520 मधील ‘ग्रहलाघव’ हा त्यांचा समान पाया होता. काळ लोटला तशी त्यातील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये सुधारित कोष्टके प्रसिद्ध केली. 1865 पासून त्यांवर आधारलेले पंचांग निघू लागले.

सोलापुरात नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेल्या दाते पंचांगाने सूक्ष्म गणित घरोघरी पोहोचवले. हे पंचांग राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवणाऱ्या चित्रापक्षाचे, तर टिळक पंचांग तो रेवती ताऱ्यावरून ठरवणाऱ्या रैवतपक्षाचे. दोहोंच्या अयनांशांत, म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतच्या अंतरात, सुमारे 4 अंशांचा फरक आहे. तिथी सूर्य-चंद्रातील अंतरावर ठरत असल्याने ती या फरकाने बदलत नाही. नक्षत्रे, संक्रांती आणि कधीकधी अधिक मास मात्र बदलतात. मेघनाद साहा यांच्या समितीने 1955 च्या अहवालात देशभरासाठी एकच गणित सुचवले, तरी दोन्ही परंपरा टिकल्या. त्यामुळे सणाची तारीख सांगताना पंचांगाचे नावही सांगावे लागते.