भोपाळी मराठीतला मान

भोपाळच्या आदराने बोलण्याच्या रीतीवर दरबारी उर्दूची छाप आहे. १८१९ ते १९२६ या काळात संस्थानावर चार बेगमांनी राज्य केले. त्यांतल्या शेवटच्या सुलतान जहाँ बेगम 'सरकार अम्मा' म्हणून ओळखल्या जात. राज्यकर्तीचा दर्जा आणि आईपण एकाच संबोधनात बसले. गल्ल्यांत मात्र 'को खाँ' ही सलगीची हाक चालते. तिला दरबाराचे सोयरसुतक नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची मराठी नोकरदार कुटुंबे येथे आली. त्यांचा हिशेब वेगळा. वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही आलात?', पण आईला 'अगं आई, तू आलीस?'. शेजारच्या उर्दू वळणाच्या घरात आईलाही 'आप', तेव्हा मराठी मूल तिथे उद्धट ठरणे साहजिकच. उलट आईला 'तुम्ही' म्हटले तर बहुतेक मराठी घरांत रुसवा असल्याचा संशय येईल. मानार्थी 'आपण' मराठीत आहेच, पण तो सभेत आणि पत्रातच शोभतो.

तुलनेसाठी कोरियन भाषा पाहा: तिथे मान क्रियापदाच्या शेवटात असतो. समोरच्याचे वय आणि पद ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. मराठीत तेवढी सक्ती नाही. शहरी घरांत नवऱ्याला 'अहो' म्हणण्याऐवजी नावाने हाक मारली जाते आणि 'ए बाबा'ही सर्रास ऐकू येते.